स्पोर्ट्स कार पळवून कमी, उभी राहून जास्त बिघडते

रविवारी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या फूडमॉलपाशी ठेंगण्या, रुंद, भडक रंगांच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते. चहा-वडापाव होतो, फोटो निघतात आणि रहदारी वाढायच्या आत सगळे घरी परततात. मग गाडीवर कव्हर चढतं ते पुढच्या रविवारपर्यंत, कधी पुढच्या महिन्यापर्यंत. या मालकांच्या तक्रारीही ठरलेल्या: बॅटरी उतरली, डॅशबोर्डवर दिवे पेटले, ब्रेक लावला की थरथर होते, टायरला फुगा आला, ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. यातली एकही तक्रार ताशी दोनशेच्या वेगातून आलेली नसते. उभं राहणं, मुंगीच्या पावलाने सरकणं आणि खड्डे, या तिघांनी या गाड्यांचं जितकं नुकसान होतं तितकं पळवून होत नाही. हे असं का, ते कळलं की गाडी निवडण्यापासून ती दुरुस्त करून घेण्यापर्यंतचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी निवड

नुसता वेग हा स्पोर्ट्स कारचा निकष आता उरलेला नाही. विजेवरच्या घरगुती एसयूव्हीसुद्धा सिग्नल सुटल्यावर भल्याभल्यांना मागे टाकतात. स्पोर्ट्स कार ओळखायची ती वळणावर. वजन कमी, ते जमिनीच्या जवळ, आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडीने विचार न करता वळणं, हे तिचं काम. माझदाची एमएक्स-५ १९८९ साली आली तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं आणि वजन साधारण एक टन. ताकदीचा आकडा सांगितला तर आजचा कॉलेजकुमार नाक मुरडेल, पण जगभर दोन सीटच्या उघड्या गाड्यांची आवड पुन्हा रुजली ती तिच्यामुळे.

इंजिन कुठे बसवलंय यावर गाडीचा स्वभाव ठरतो. बीएमडब्ल्यूच्या एम२ आणि झेड४ मध्ये ते पुढे आहे आणि जोर मागच्या चाकांना जातो. नवख्याला या गाड्या लवकर समजतात. लोटसच्या एमिरात ते सीटच्या मागे, दोन्ही आसांच्या मध्ये. गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत आणलेली आपली अवंतीही याच मांडणीची. वजन मधोमध असल्याने गाडी चटकन फिरते, पण घसरली तर तितक्याच चटकन. पोर्शेची ९११ १९६० च्या दशकापासून इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे टांगून चालते. वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवर वजन दाबून बसतं, त्यामुळे पकड अफाट. मात्र ऐन वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर वजन पुढे सरकतं, मागचं टोक हलकं पडतं आणि गाडी फिरायला बघते. आजच्या ९११ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स हे पुष्कळ सांभाळून घेतं. तरी पावसाळ्यात वरंध किंवा ताम्हिणी घाटात ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

ही सगळी चर्चा शोरूमच्या सोफ्यावर छान रंगते. खरी परीक्षा तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर. टेस्ट ड्राइव्हला गाडी थेट घरी न्यायची, शेजारी जोडीदाराला बसवायचं आणि बेसमेंटच्या उताराचं तोंड, गेटसमोरचा स्पीडब्रेकर आणि रोजच्या वाटेवरचा एखादा कुप्रसिद्ध ब्रेकर पार करून बघायचा. नाही म्हणणारा डीलर भेटेल. त्याला निदान शोरूमची डेमो गाडी तरी आणायला लावायची. कोटभर रुपये देणाऱ्याने एवढा हट्ट धरायला हरकत नाही.

ब्रेकरचं गणित जरा तपशिलात पाहू, कारण इथे बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक पसरट तुकडा. आता ९११ घ्या. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे. अशा पसरट उंचवट्यावर दोन्ही चाकं चढलेली असताना मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वर येतो. पोटाखाली ११-१२ सेंटिमीटर जागा असलेली गाडी तिथून आरामात निघते. एम२ चं चाकांमधलं अंतर जास्त, पावणेतीन मीटर. तिच्यासाठी हाच आकडा साडेपाच सेंटिमीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरला कुठलीही स्पोर्ट्स कार घासत नाही.

घासते ती गल्लीतल्या मंडळींनी रातोरात घातलेल्या डांबराच्या वरवंट्याला. दीड फूट रुंद आणि वीतभर उंच. चाकं त्याच्या अलीकडे-पलीकडे उतरलेली आणि वरवंट्याची पूर्ण उंची पोटाखाली, तिथे गणित संपतं. तिरकं घालून एकेक चाक चढवलं तर कुठलं ना कुठलं चाक ब्रेकरवर राहतं आणि पोट थोडं उचललेलं असतं, म्हणून तो जुना उपाय अजूनही खरा. काही गाड्यांत बटण दाबलं की नाक चारेक सेंटिमीटर वर उचलणारी सोय जादा पैसे देऊन मिळते. कार्बनच्या पट्ट्या, रंगीत शिलाई, चकचकीत पेडल यांच्यावर काट मारून ती आधी घ्यावी. पण ती फक्त नाक उचलते, पोटाचा मधला भाग अर्धाच वर येतो, हे लक्षात ठेवायचं.

गिअरबॉक्सचाही विचार निवडतानाच व्हावा. ड्युअल-क्लच म्हणजे दोन क्लच आळीपाळीने काम करणारा गिअरबॉक्स. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून गिअर निमिषार्धात पडतात. पण तिथे शेवटी क्लचप्लेटच आहेत. सायनला गाडी फूट-फूट पुढे घेताना त्या अर्धवट घासत राहतात आणि तापतात. तेलात भिजलेल्या प्लेट, जशा ९११ मध्ये आहेत, हे बऱ्यापैकी सहन करतात, कोरड्या कमी. आताच्या एम२ चा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. त्यात सुरुवातीची घसरण तेलातच होते, त्यामुळे रोज ऑफिसला नेणार असाल तर तो शांतपणे सगळं झेलतो. हाताने गिअर टाकायची हौस असेल तर एम२ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअलही मिळतो. ठाण्याहून बीकेसीला रोज जाणाऱ्याने मात्र आधी आपल्या डाव्या गुडघ्याला विचारावं.

आणि शेवटचं, सर्व्हिस सेंटर कुठे आहे? पुण्या-मुंबईत ठीक. नांदेड किंवा रत्नागिरीतून फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी पाठीवर घेऊन जाणारी ट्रक, बोलवायला लागली तर ती कुठून येणार, किती तासांत, खर्च कोणाचा, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्यावं. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं तेव्हा ग्राहकांची सर्व्हिस चालू राहील असं सांगितलं होतं. तरी मोजक्या संख्येने आलेल्या मस्टँगच्या मालकांना सुट्या भागांची काळजी वाटणं साहजिकच होतं.

किंमत कशी फुगते

इथे फार रेंगाळत नाही, पण आकडे माहीत हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, वेगळा सेस गेला. विजेवरच्या गाडीवर ५ टक्केच. बाहेरून पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या गाडीवर आयात शुल्क आजवर ११० टक्क्यांच्या घरात राहिलं आहे. म्हणजे बंदरात ४० लाखांना उतरलेली गाडी शुल्काने ८४ लाखांची आणि जीएसटीने सुमारे १ कोटी १८ लाखांची होते. डीलरचा वाटा अजून बाकीच. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक संख्येपुरतं हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं आहे, त्यामुळे आयात गाडी घेताना बुकिंगच्या दिवशीचा दर धरायचा की डिलिव्हरीच्या दिवशीचा, हे करारात लिहून घ्या.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोडटॅक्स १३ टक्के. तीच गाडी आयात केलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० वरून ३० लाखांवर गेली. एक कोटीची गाडी धरली तर इथे जुळवलेली आणि आयात केलेली यांत नुसत्या पासिंगचा फरक सात लाखांचा. शिवाय एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, पण तो आयकर विवरणपत्रात वळता होतो.

'दुसऱ्या राज्यात पासिंग करून देतो, दहा लाख वाचतील' असं सांगणारा एजंट भेटतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. पांढऱ्या गाड्यांच्या गर्दीत तुमची पिवळी गाडी आरटीओच्या साहेबाला दिसणार नाही, ही आशा फार बाळगू नका.

डिलिव्हरी आणि पहिले दोन हजार किलोमीटर

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी, हे आपल्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. डीलरलाही ते पक्कं ठाऊक असतं. त्या दिवशी तिथे पेढे, हार, नारळ आणि टायरखाली ठेवायची लिंबं यांची धांदल असते, गाडी नीट बघायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून तपासणी मुहूर्ताच्या दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी आणि पासिंग होण्यापूर्वी. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास संपलं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांवर ते बघा. जहाजातून आलेली गाडी यार्डात महिनोन् महिने उभी असू शकते, आणि टायर उभ्या-उभ्याही म्हातारे होतात. चासिस नंबरवरून उत्पादनाचं वर्ष कळतं, ते बिलावरच्या वर्षाशी जुळवा. बंपरच्या खालच्या ओठाला हात लावून बघा. ट्रेलरवर चढवताना-उतरवताना तो घासलेला सापडतो. बॅटरी नवी दिसते म्हणून सोडू नका, तिची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा.

त्यानंतर रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाला सुरुवातीला जपून चालवून रुळवणं. 'आजकालच्या गाड्यांना लागत नाही' हे सर्रास ऐकू येतं. पण बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरला इंजिनाचं तेल, फिल्टर आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरसंचाचं) तेल बदलून घ्यायला कंपनी स्वतःच सांगते. कारण साधं आहे. नव्या पिस्टन रिंग सिलिंडरच्या भिंतीवर आणि डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर घासून आपली जागा करतात, आणि त्या घासण्यातून निघालेली धातूची बारीक भुकटी तेलात उतरते. ती बाहेर काढणं हेच त्या सर्व्हिसचं काम. तोवर इंजिनाचे फेरे फार वर चढवायचे नाहीत, आणि एकाच वेगावर तासभर धरूनही ठेवायचं नाही. समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावून पहिल्याच आठवड्यात नागपूर गाठायची कल्पना म्हणूनच तितकीशी चांगली नाही. घाटातले चढ-उतार, कमी-जास्त वेग, हे उत्तम. टायरवरही साच्यातून निघतानाचा तेलकट थर असतो, तो जाईपर्यंत पहिले तीनेकशे किलोमीटर पकड कमी.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीतून तोफेसारखं सुटणं, मित्रांना दाखवायचा मोह होतो. तेल गरम नसताना ते करू नये. पाण्याचा काटा आधी वर येतो, तेल गरम व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पोर्शेचा संगणक इंजिन मर्यादेपेक्षा किती वर फिरलं आणि किती वेळा, हे सहा पातळ्यांत नोंदवून ठेवतो. वॉरंटीच्या वेळी आणि गाडी विकताना ती नोंद वाचली जाते.

उभं राहण्याचा त्रास

आता मुख्य दुखणं. कुलूप लावलेली आधुनिक गाडी झोपत नाही. अलार्म, किल्लीचा रिसीव्हर, मोबाइल ॲपशी बोलणारा मोडेम, सगळे थोडी-थोडी वीज पीत असतात. सगळं धडपणे झोपल्यावरही ३० मिलिअँपिअर धरा, म्हणजे महिन्याला सुमारे २२ अँपिअर-तास. बॅटरी ८० ची असली तर पाव भाग गेला. त्यात रविवारची फेरी छोटी, सुरू करताना गेलेली वीजही नीट भरून निघत नाही. अशा दोन-तीन महिन्यांनंतर एका सकाळी बटण दाबलं की डॅशबोर्डवर दिवाळी: गिअरबॉक्स फॉल्ट, स्टिअरिंग फॉल्ट, एअरबॅग, सस्पेन्शन. मालकाच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात यातलं काहीच मोडलेलं नसतं. व्होल्टेज घसरलं की गाडीतले छोटे संगणक एकमेकांचं बोलणं नीट ऐकू शकत नाहीत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची तक्रार नोंदवतो. म्हणून खूप दिवे एकदम लागले तर आधी बॅटरी मोजायची, ती पूर्ण भरायची, संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसायचे, आणि मग जे परत येतील तेवढेच खरे मानायचे. हा क्रम न पाळता मॉड्यूल, म्हणजे हे छोटे संगणक, बदलायला निघालेला मेकॅनिक तुम्हाला महागात पडतो.

उपाय स्वस्त आहे: बॅटरी मेंटेनर. भिंतीच्या सॉकेटला लावून ठेवायचा, तो गरजेपुरतंच चार्ज करतो. अडचण सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट नसण्याची. स्वतःच्या मीटरवरून लाइन ओढायची परवानगी गाडी यायच्या आधीच मागून ठेवा, कारण कमिटीची मीटिंग तुमच्या बॅटरीसाठी थांबत नाही. बॅटरी बदलावी लागलीच, तर बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही जुनी समजून चार्ज करत राहते.

ब्रेकची डिस्क लोखंडाची. धुतल्यावर किंवा पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी तिच्यावर तांबूस थर असतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते. ती निघून जाते, घाबरू नये. पण किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत, वर्सोव्याला किंवा मिऱ्या बंदराजवळ, गाडी महिनाभर हलली नाही तर पॅडखालच्या आणि पॅडबाहेरच्या डिस्कवर गंज वेगवेगळा चढतो. मग दर फेऱ्याला तो ठसा पॅडखालून जातो आणि पेडल थरथरतं. 'डिस्क वाकली' असं निदान होतं, नव्या डिस्कचं कोटेशन येतं. आधी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून दहा-बारा वेळा ठाम ब्रेक लावून बघा, मधे थंड होऊ द्या. हलका ठसा असेल तर बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागतं. गाडी धुतल्यावर लगेच झाकून ठेवण्याऐवजी एक चक्कर मारून ब्रेक वाळवायचे आणि मगच ठेवायची.

पेट्रोल आता देशभर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते बाधतं. फिरत्या गाडीचं पेट्रोल तितकं जुनं होतच नाही. पावसाळाभर गाडी ठेवून देणार असाल तर टाकी भरलेली असू द्या, म्हणजे आत हवेला जागा कमी. ऑक्टेन किती हवं ते टाकीच्या झाकणाआड लिहिलेलं असतं. कमी ऑक्टेनवर इंजिन फुटत नाही, पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि ताकद घटते. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० किंवा तसलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल ज्या गाडीला ९८ हवं तिला उपयोगी. ९१ वर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये ते ओतणं म्हणजे पैशाचा धूर.

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक भानगड. कापडी टपाच्या कडेने आलेलं पाणी बारीक नळ्यांतून खाली उतरतं. गुलमोहराखाली उभ्या गाडीच्या या नळ्या पाकळ्या-पानांनी तुंबतात आणि पाणी सीटमागे किंवा गालिच्याखाली साचतं, जिथे नेमके कंट्रोल मॉड्यूल बसवलेले असतात. मे अखेरीस त्या साफ करून घ्याव्यात.

एवढ्या सगळ्यावरचा सर्वांत सोपा इलाज म्हणजे आठवड्यातून एकदा चाळीस-पन्नास मिनिटं गाडी नीट चालवणं. पार्किंगमध्ये दहा मिनिटं सुरू ठेवून चालत नाही. त्याने तेल पुरेसं तापत नाही आणि आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो बाहेर पडत नाही. खरंच पळवायची असेल तर त्याची जागा वेगळी आहे. द्रुतगती मार्गावर कारला मर्यादा १०० ची, समृद्धीवर १२० ची. त्यापुढचं सगळं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, चेन्नईजवळच्या नाहीतर कोइम्बतूरच्या ट्रॅकवर. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही सरळ रेषेतल्या शर्यती झालेल्या आहेत.

खड्डा, बंपर आणि विमा

एम२ चा मागचा टायर २८५/३० आर२० मापाचा. मधला आकडा टक्केवारी आहे: २८५ मिलिमीटर रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबराची भिंत साडेआठ सेंटिमीटरची. खड्ड्याची धारदार कड आली की रबर रिम आणि डांबर यांच्यात चिमटतं, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. या फुग्याला दुरुस्ती नाही. पंक्चरवाला 'चालेल साहेब' म्हणाला तरी नाही. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदलही होत नाही, आणि डिकीत स्टेपनी नसते, असतो तो फेस भरायचा डबा. वाकलेली रिम आच देऊन ठोकून सरळ करणारे कारागीर आहेत. साध्या गाडीपुरतं ठीक, या वेगाच्या गाडीला रिमची तडा-तपासणी केल्याशिवाय नको.

विमा घेताना एक कलम मालकांच्या नजरेतून सुटतं. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. स्पोर्ट्स कारचं पहिलं नुकसान कुठे होतं? बंपरच्या ओठाला आणि पोटाखालच्या आवरणाला, दोन्ही प्लॅस्टिकची. म्हणून घसारा न कापणारं झिरो-डेप्रिसिएशन कव्हर इथे चैन नाही. पावसाळ्यासाठी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान भरून देणारं जादा कव्हर, घ्या, कारण हवा ओढायचं तोंड खाली असतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड. आणि शर्यत किंवा वेगचाचणीत झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, ट्रॅकवर जाणाऱ्याने हे गृहीत धरून जावं.

बिघाड झालाच तर

सर्वोत्तम कारखान्यातूनही चूक सुटते. २०१४ मध्ये पोर्शेच्या नव्या ९११ जीटी३ च्या दोन गाड्यांनी युरोपात पेट घेतला. कंपनीने जगभरच्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं. कारण सापडलं कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमध्ये: ते ढिले पडत, रॉड सुटून इंजिनाचं कवच फोडत असे आणि गळालेलं तेल पेटत असे. पोर्शेने सगळ्या गाड्यांची इंजिनं बदलून दिली. बोल्ट केवढा, काम केवढं! भारतातही १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे, तेव्हा आपल्या चासिस नंबरवर काही रिकॉल आहे का हे कंपनीच्या साइटवर अधूनमधून बघत जावं.

रोजच्या बिघाडात मालकाचं मोठं काम म्हणजे तक्रार नीट सांगणं. 'पुढून आवाज येतो' एवढंच जॉबकार्डवर लिहिलं तर गाडी दोन दिवस राहून 'आवाज आढळला नाही' या शेऱ्यासह परत येते. त्याऐवजी असं लिहून घ्या: 'सकाळी इंजिन थंड असताना, ताशी वीसच्या आत, डावं पुढचं चाक ब्रेकरवरून उतरताना एक टक्क आवाज. पंधरा मिनिटांनी येत नाही. व्हिडिओ दिला आहे.' या तीन ओळींत मेकॅनिकला तपासायच्या जागा दोन-तीनच उरतात. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून फेरी मारा. सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलतो, पण पाना त्याच्या हातात नसतो. या तक्रारीवर कंपनीचं तांत्रिक परिपत्रक किंवा सॉफ्टवेअर अपडेट आहे का, हेही थेट विचारायचं. पुष्कळदा असतं.

इशाऱ्याचे रंग साधे आहेत. लाल म्हणजे बाजूला घेऊन बंद करा, विशेषतः तेलाचा दाब आणि तापमान. पिवळा म्हणजे सांभाळून चालवत न्या. गाडी बंद केल्यावरही पाच-सात मिनिटं पंखा घोंगावत राहिला तर तो बिघाड नव्हे, टर्बो आणि इंजिन थंड करणं चालू असतं.

इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवणाऱ्या 'स्टेज वन'चा किडा वॉरंटी संपेपर्यंत तरी आवरा. परत मूळ प्रोग्रॅम टाकला तरी छेडछाडीच्या खुणा अनेकदा मागे राहतात आणि कंपनीला त्या वाचता येतात. बाहेरचा सायलेन्सर लावून गिरगाव चौपाटीवर फिरणाऱ्यांना तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ बांधणीत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

एकच बिघाड दुरुस्त होऊन पुनःपुन्हा येत असेल तर प्रत्येक वेळी नवं जॉबकार्ड उघडायला लावा. तोंडी 'आणून सोडा, बघतो' याला अर्थ नाही. नंतर डीलरला आणि कंपनीला, दोघांना, ईमेलवर लेखी तक्रार. तरी दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. तिथे मोजलेल्या किमतीवरून पायरी ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आणि त्याहून वर राष्ट्रीय आयोग. म्हणजे कोटभराची गाडी थेट राज्य आयोगाकडे जाते. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि तिथे तुमच्या बाजूने बोलतात ती जॉबकार्डं, त्यांवरच्या तारखा आणि गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती याचा हिशोब.